मऊ पट्टे

नवरा न्हावी आणि बायको शिवणकाम करणारी, म्हणजे घरात कात्र्या दोन. तिच्या कात्रीने त्याने केस कापायचे नाहीत आणि त्याच्या कात्रीने तिने कापड, यावरून लग्नानंतर पहिलं भांडण झालं आणि ते संसारभर पुरलं. त्याच्या दुकानात केस कापायला पैसे पडत, गप्पा फुकट. घाई असेल त्याने दुसरा न्हावी बघावा, असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा. हिचं सगळं उलट. बोलणं मोजकं, चर्चमधली रविवारची मिस्सा कधी चुकायची नाही, आणि लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेल्या दहा आज्ञा झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणून दाखवील अशी. पाचवी आज्ञा, खून करू नको. एवढ्या सरळ गोष्टीत कुणाला विचारायचं काय?

तर या बोलघेवड्या माणसाची फुप्फुसं वाळत गेली. पहिल्यांदा त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं तेव्हा तो त्यातून परत आला. घरी आल्यावर जेवता जेवता म्हणाला, "पुन्हा ती नळी नको. जायचं तेव्हा मला बोलत बोलत जाऊ दे." तिने "भलतंसलतं बोलू नका" म्हणून विषय मोडला. मोडला कसला, नुसता झाकून ठेवला.

दुसऱ्यांदा तो बेशुद्धच होता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हे दुखणं आता बरं होणार नाही, यंत्राने फक्त दिवस लांबतील. घरचे नको म्हणाले तर त्रास होऊ नये म्हणून औषध देऊ आणि सोबत बसू. नणंद म्हणाली, "वहिनी, दादाला जाऊ द्या. निदान फादरना तरी विचारा." ही म्हणाली, "विचारणं म्हणजे मनात आणणं. भावाचा जीव तुम्हाला घ्यायचाय, मला नाही." त्या दिवसापासून नणंद यायची बंद झाली. देव तारी त्याला कोण मारी, असं आपण म्हणतो. देव ज्याला न्यायला आलाय त्याला दारात धरून ठेवावं का, यावर मात्र आपल्याकडे म्हण नाही.

त्याच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि त्याचा आवाज गेला. शुद्ध आली तशी त्याने पहिल्यांदा नळीलाच हात घातला. मग सिस्टरनी त्याचे हात पलंगाच्या दांड्यांना बांधले. बँडेजने मनगटं सोलून निघाली. हिच्याच्याने ते बघवेना. घरी जाऊन तिने त्याचा हिवाळ्यातला मऊ सदरा फाडला, आत कापूस भरला आणि मनगटाचे दोन पट्टे शिवले. तो ओढील म्हणून दुहेरी शिवण घातली. इतकं सुबक काम तिच्या हातून लग्नाच्या झग्यावरही झालं नव्हतं. सगळ्या वॉर्डात कौतुक झालं. तिने स्वतःच्या हाताने ते बांधले, आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

मनगटं बांधली तरी बोटं मोकळी होती. तिच्याकडे बघून तो दोन बोटं उघडमीट करायचा, कात्रीसारखी. एकदा सिस्टरने विचारलं, काय म्हणतायत? हिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण म्हणाली, "दुकानाची आठवण येतेय त्यांना."

दर आठवड्याला फादर येत, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत, आणि काही बोलायचंय का असं तिला विचारत. ती नाही म्हणायची. फादरना वाटलं, बाई खंबीर आहे. तो दरवाजाकडे बघायचा, बहिणीची वाट बघत असावा. असे महिने गेले. मग एका दुपारी, ती जेवणाचा डबा धुवायला गेली असताना, तो गेला. ती परत आली तेव्हाही हात बांधलेलेच होते.

पुरून झाल्यावर ती कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, गेली. खरं सांगायचं तर थोड्या अभिमानानेच गेली. जाळीपलीकडे फादरना म्हणाली की सगळे सांगत होते, पण मी तो खून केला नाही, शेवटपर्यंत यंत्र काढू दिलं नाही.

फादरनी तिला हळूहळू समजावलं. जीव घेणं पाप आहेच, जीव जावा म्हणून औषध देणंही पाप. पण बरं होण्याची आशा नसताना जो उपाय नुसता भार होतो, तो नाकारणं म्हणजे मारणं नव्हे. मरण आपण आणत नाही, ते अडवता येत नाही एवढंच मान्य करतो. असा उपाय चालूच ठेवा, असं चर्चने कधीच सांगितलेलं नाही, आणि आजाऱ्याला तो नको म्हणायची मोकळीक आहे.

"त्यांनी नको म्हटलं होतं," ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं, सदरा, कापूस, दुहेरी शिवण, दोन बोटं, सिस्टरला सांगितलेलं खोटं. "फादर, मला याची क्षमा द्या."

"मुली, खोटं बोललीस त्याची क्षमा देतो. एकदा प्रभूची प्रार्थना म्हण."

"आणि बांधलं त्याची?"

"ते तू न कळून केलंस, प्रेमाने केलंस. ते पाप नाही. जे पाप नाही त्याची मी क्षमा कशी देऊ?"

त्या भल्या माणसाला वाटलं, आपण हिचं ओझं उतरवलं.

ती बाकावर जाऊन बसली. प्रार्थना म्हणायला मिनिटभरही लागलं नाही, खोटं फिटलं. बाकीचं तसंच राहिलं. त्याची क्षमा द्यायला एकच माणूस होता, आणि त्याचे हात तिने शेवटपर्यंत सोडले नव्हते.