मखरासाठी घेतलेला इन्व्हर्टर

मी इन्व्हर्टर बोलतोय. दचकू नका, इकडेतिकडे काय बघताय, चपलांच्या रॅकवर बघा. धुळीने माखलेला पांढरा डबा दिसतोय ना, ज्याच्या कपाळावर निळे आकडे लुकलुकतायत, तोच मी. खाली काळी पेटी आहे ती माझी बॅटरी. लाईट असते तेव्हा मी वीज गिळून हिच्या पोटात भरतो आणि लाईट गेली की परत काढून घरभर वाटतो. एवढंच काम मला येतं, आणि तेही अर्धवटच येतं. ते कसं, ते पुढे सांगतो.

ही लालबागची चाळ, तिसरा मजला, घाडीगावकरांची खोली. घरात माणसं तीन. म्हणजे होती तीन. हितेंद्र, त्याची बायको सुचित्रा आणि हितेंद्रचे वडील नाना. नानांनी उभा जन्म गिरणीच्या कार्डिंग खात्यात काढला. कापूस पिंजता पिंजता त्यातला निम्मा नाकावाटे आत नेला. गिरणी बंद झाली, कापूस मात्र नानांच्या छातीतून बाहेर आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईत इन्व्हर्टर कशाला? इथे लाईट जाते कुठे? हितेंद्रही हेच म्हणायचा, छाती फुगवून. पण गेल्या वर्षी गणपतीत, नेमकी आरतीच्या वेळी, चाळीची लाईट गेली. मखर अंधारात, गणपती अंधारात आणि समोर डोंबिवलीहून आलेले सुचित्राच्या भावाचे सासरे. ते अंधारातच म्हणाले, "आमच्याकडे रोज जाते हो, पण कळत नाही. इन्व्हर्टर आहे ना." झालं. ते वाक्य हितेंद्रला वर्षभर डाचलं. माझा जन्म कारखान्यात झाला असला तरी या घरातला माझा जन्म त्या एका टोमण्यातून झालाय.

यंदा गणपतीआधी हितेंद्र दादरच्या दुकानात आला. मी फळीवर होतो आणि माझ्या शेजारी दुसरा एक इन्व्हर्टर होता. काळा, जड, दिसायला रेड्यासारखा. दुकानदाराने विचारलं, "काय काय चालवायचंय?"

"मखराची लायटिंग, एक ट्यूब, एक पंखा."

"फ्रिज, मोटर, कुठलं मशीन?"

"छे हो. मुंबईत लाईट जाते का? नावाला पाहिजे फक्त."

दुकानदार भला माणूस. त्याने तरी सांगितलं की हा काळा साइन वेव्हचा आहे, याची वीज घरच्या विजेसारखी एकसारखी येते, यावर कसलंही मशीन चालतं. आणि हा पांढरा स्क्वेअर वेव्हचा, याची वीज धक्के देत येते, दिवे आणि पंखे तेवढे सांभाळून घेतात. हितेंद्रने ऐकलं की नाही कोण जाणे. त्याची नजर माझ्या निळ्या आकड्यांवर होती. "हा दिसायला बरा आहे. दारात ठेवला की येणाऱ्याला दिसेल."

माणसं लग्नाच्या वेळी मुली बघतात तशीच इन्व्हर्टरही बघतात. काय चालवायचंय याचा विचार कोणी करत नाही, दारात कसा दिसेल तेवढं बघतात.

गणपतीत मी मिरवलो. लाईट काही गेली नाही, तर हितेंद्रने आरतीच्या वेळी मुद्दाम मेन स्विच पाडला आणि डोंबिवलीकरांकडे बघितलं. मखर झगमगत राहिलं. पंखा माझ्यावर चालताना गुं गुं करतो, ते टाळ-झांजांत कोणाला ऐकू आलं नाही. नाना खाटेवरून कौतुकाने म्हणाले, "माझ्या झिलान केल्यान हां." म्हणजे माझ्या मुलाने केलंय. बोलता बोलता त्यांना खोकला आला तो थांबेना. गौरी गेल्या आणि दोन दिवसांत नाना हॉस्पिटलात.

ते घरी आले तेव्हा पितृपक्ष लागला होता. बरोबर भाड्याने घेतलेलं, वापरातलं एक मशीन आलं, हवेतून ऑक्सिजन काढून नळीने नाकात सोडणारं. डॉक्टरांनी बजावलं होतं की हे अखंड चालू राहिलं पाहिजे. शिवाय तसाच भाड्याचा एक लहान सिलिंडर आला. तो कशासाठी, तर चाळीचा संडास गॅलरीच्या टोकाला, तिथवर जाताना नानांना लावायला.

सुचित्रा परळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. डोक्याने हुशार, तोंडाने गरीब. पहिल्याच दिवशी तिने मेन स्विच पाडला आणि मशीन माझ्यावर लावून बघितलं. मी जोर लावला, देवाशपथ. मशीन घरघरलं, कण्हलं, शिट्टी मारून बंद पडलं. माझ्या कपाळावर लाल दिवा लागला. पंखा मात्र फिरत होता, गुं गुं करत.

"अहो, हा नाही चालणार," सुचित्रा म्हणाली. "तो दुसरा आणायला पाहिजे. साइन वेव्हवाला. बॅटरी हीच चालेल, फक्त वरचा डबा बदलायचा."

हितेंद्र काही बोलायच्या आत खाटेवरून नानांचा आवाज आला. नळी नाकात, पण आवाज गिरणीतलाच. "ह्या पंधरवड्यात नवीन वस्तू घरात घेवची नाय. घट बसांदेत, मगे काय ता हाड."

पितरांचा पंधरवडा. या दिवसांत घाडीगावकरांच्या घरात नवी सुईसुद्धा येत नाही. नवरात्राचे घट बसले की मग खरेदी. सुचित्रा म्हणाली, "नाना, तुमच्या श्वासासाठी आहे ते." नाना म्हणाले, "लक्ष्मीच्या पंधरवड्यात माका नवीन वस्तू नको." लक्ष्मी म्हणजे त्यांची बायको, आठ वर्षांपूर्वी गेलेली. तिचा विषय निघाला की या घरात सगळ्यांची तोंडं बंद होतात. हितेंद्र म्हणाला, "थोडे दिवस तर आहेत. आणि लालबागमध्ये लाईट जाते कुठे?"

यांना मी काय बोलणार? मला फक्त शिट्टी मारता येते.

सुचित्रा दुसऱ्या दिवशी दादरला गेली आणि तो काळा रेडा घेऊन आली. घरात नाही हं आणला. समोरच्या खोलीत काशीबाई राहतात, मासे विकतात, नवरा नाही, मूल नाही. त्यांच्याकडे ठेवला. "ठेव गो माझ्याकडं," काशीबाई म्हणाल्या, "घट बसले का न्ये." माझ्या जागेवर येणारा माझ्यापासून दहा पावलांवर, खोक्यात बंद, उंबऱ्याच्या पलीकडे. नानांना हे कळलं तेव्हा त्यांनी मान हलवली. उंबऱ्याबाहेर आहे तोवर त्यांची हरकत नव्हती. सगळ्यांनाच बरं वाटलं, जणू काम झालं.

मग आली अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा हा दिवस. लक्ष्मीचं पान वाढायचं होतं. सुचित्रा सकाळपासून वडे तळत होती. काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर, भोपळ्याची भाजी. दुपारी हितेंद्र पान घेऊन गच्चीवर गेला. कावळा शिवल्याशिवाय खाली यायचं नाही, घरात कोणी जेवायचं नाही. नाना खाटेवर बसून वाट बघत होते. अंगावर धुतलेला सदरा. बायको जेवायला येणार म्हणून सकाळी दाढीसुद्धा करून घेतली होती.

आणि लाईट गेली. बाहेर रस्ता खोदत होते, केबल तुटली असणार.

आता माझी करामत बघा. चाळीच्या खोल्या भर दुपारीही काळोख्या, सगळीकडे अंधारलं, पण या खोलीत ट्यूब चालू, पंखा चालू, देव्हाऱ्यावर राहिलेली मखराची माळसुद्धा लाल-हिरवी उघडझाप करत चालू. लाईट गेल्याचं कळलं ते फक्त मशीनला. ते किंचाळायला लागलं. सुचित्रा कढई टाकून धावली.

तिने आधी सिलिंडर घेतला. काटा शून्यावर. संडासापर्यंतच्या फेऱ्यांनी तो कधीच संपला होता आणि भरून आणायचं काम म्हाळाच्या गडबडीत मागे पडलं होतं. मग ती गॅलरीत जाऊन वर ओरडली, "अहो, खाली या. नानांचं मशीन बंद पडलंय."

वरून हितेंद्रचा आवाज आला, "इन्व्हर्टर चालू आहे ना? ट्यूब, पंखा चालू असेल की."

"त्याच्यावर चालत नाही मशीन, विसरलात का?"

"कावळा समोर बसलाय. आलोच."

कावळा समोर बसलाय. हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. खाली बाप पाण्याबाहेर काढलेल्या बोंबलासारखा तोंड उघडतोय आणि वर लेक आईसाठी कावळ्याची मनधरणी करतोय. मला राग येतो तो याचा, की तो वाईट मुलगा नव्हता. आईवरही त्याची माया होती, बापावरही होती.

तो आला. समोर काशीबाईंच्या दाराला कुलूप. त्या बाजारात मासे विकत बसलेल्या. हितेंद्रने वरवंटा आणून कुलूप फोडायला घेतलं. जुनं पितळी कुलूप, हलेना. शेजारीपाजारी जमले. प्रत्येकजण सांगत होता कुठे मारायचं ते. इकडे सुचित्रा नानांची पाठ चोळत होती, "नाना, आलंच हं, दोन मिनिटं." नानांचे ओठ निळे पडत चालले होते. माझ्या आकड्यांसारखेच निळे. मी माझा पंखा जीव तोडून फिरवत होतो. पण पंख्याच्या वाऱ्याने कोणाच्या फुप्फुसात हवा जात नाही.

कुलूप तुटलं. हितेंद्र खोकं उचलून धावत दारात आला आणि नानांनी हात वर केला.

हितेंद्र उंबऱ्यावर थांबला. पाय उचललेला तसाच.

"नको म्हणतायत," तो पुटपुटला.

मी समोरच होतो, मी तो हात नीट बघितला. तो नको म्हणत नव्हता. तो हवेत काहीतरी पकडू बघत होता. पण लहानपणापासून ज्या हाताने या मुलाला दारात थांबवलं, तोच हात वर आला की त्याचे पाय थांबायचे, त्याला तो काय करणार? सुचित्रा उठली. नवऱ्याच्या हातातून खोकं ओढून घेतलं आणि उंबऱ्यावरून आत आपटलं. लग्न होऊन आल्यापासून तिने या घरात आवाज चढवला नव्हता. ती म्हणाली, "आता पाना द्या, नाहीतर तुम्ही पण गच्चीवर जाऊन बसा."

पाना सापडेना. मग सापडला. माझ्या वायरी बॅटरीला घट्ट आवळलेल्या. हितेंद्रच्या हातून पाना निसटला, तो सुचित्राने घेतला. पहिली वायर सुटली आणि मी विझलो. ट्यूब गेली, पंखा थांबला, मखराची माळ गेली. त्या अंधारात नाना नेमके केव्हा गेले ते मला सांगता येणार नाही, मी शुद्धीवर नव्हतो.

काळ्याला वायरी जोडल्या. मशीन सुरू झालं. एकदम शांत, एकसारखं, घरच्या विजेसारखं. दुकानदार खोटं बोलला नव्हता. नळीतून हवा येत राहिली, सुस्स, सुस्स. सुचित्राने ती नळी नानांच्या नाकाशी कितीतरी वेळ धरून ठेवली होती. मग कोणीतरी तिचा हात बाजूला केला.

थोड्या वेळाने चाळीची लाईट आली. गच्चीवरचं पान कावळ्याने केव्हाच साफ केलं होतं.

त्या संध्याकाळी लोक काय काय बोलून गेले. "भाग्यवान हो. पितृपक्षात गेले, तेही बायकोच्या दिवशी. थेट स्वर्गाचं दार उघडं." बायका डोळे पुसत सुचित्राला सांगत होत्या की तिने सासऱ्याचं फार केलं. सुचित्रा ऐकत होती. तिच्या बोटांना काळं ग्रीस लागलेलं होतं, पान्याचं.

दहाव्याला पिंड ठेवून सगळे घरी आले तेव्हा हितेंद्रच्या चेहऱ्यावर जरा उजेड होता. "कावळा लगेच शिवला," तो म्हणाला. "नानांची काही इच्छा राहिली नव्हती." सुचित्राने त्याच्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता ही बोलणार. ती पाणी आणायला आत गेली.

सुतक फिटलं. काळ्या इन्व्हर्टरचं काय करायचं हा प्रश्न आला. खोकं फोडलेलं, दुकानदार परत घेईना. सुचित्रा म्हणाली, "काशीबाई, तुम्हीच ठेवा. आमच्या घरात आता काय चालवायचंय त्याच्यावर?" काशीबाईंनी स्वतःची बॅटरी घेतली आणि मासे ठेवायचा फ्रीजर त्याला लावला. माझ्यासमोर, दहा पावलांवर, तो रेडा आता पापलेटं थंड ठेवतो. उत्तम ठेवतो, असं सगळी चाळ म्हणते. हितेंद्र त्या दाराकडे बघत नाही. घरातून निघताना मान खाली घालून चपला घालतो, आणि चपला माझ्याच पायाशी असतात, म्हणून त्याचं तोंड मला रोज जवळून दिसतं. मला त्याची कीव येत नाही. आली असती, पण मी त्या दिवशी इथेच होतो.

तुम्ही कधी माझ्या जातीचा कोणी घरी आणायला गेलात, तर आकड्यांकडे बघू नका. त्याच्या जोरावर कोणाचा जीव टांगायचा आहे का, तेवढं आधी विचारा. आणि टांगायचा असेल, तर मुहूर्त बघत बसू नका.

मला परत जुन्या बॅटरीला जोडलंय. भिंतीवर नानांचा फोटो आहे, हार घातलेला, वर छोटा बल्ब. हितेंद्रने तो मुद्दाम माझ्या लाईनवर घेतलाय, नानांपुढे कधी अंधार नको म्हणून. परवा परत लाईट गेली. सगळी चाळ काळोखात होती, आणि नानांचा फोटो मात्र लख्ख उजळलेला. हितेंद्रने हात जोडले.

तो बल्ब चालवायला मी पुरेसा आहे.