सरकीचा बार

यशवंतरावांची मालगुजारी गेली, पण तमंचा राहिला. सरकारनं गाव घेतलं, वसुली घेतली, लोकांचे मुजरे घेतले. पोळ्याच्या दिवशी बार काढायचा मान मात्र घ्यायचा राहून गेला. असा काही मान असतो हे सरकारला ठाऊकच नसावं. बोरखेडीला मात्र ठाऊक होतं. सौंसरच्या अलीकडे कपाशी आणि संत्र्यांच्या मधोमध वसलेलं ते गाव बाकी कशावरून भांडलं तरी या बाबतीत एकमतानं वागे. तोरणाखाली बैल उभे राहायचे, झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकी गाणी, म्हणून व्हायच्या आणि मग यशवंतराव एका हातानं तमंचा आभाळाकडे धरून बार काढायचे. त्याशिवाय बोरखेडीत पोळा फुटत नसे, बैल तोरणाखालून घराकडे सुटत नसत.

तमंचा म्हणजे खेळणं नव्हतं. नळी एवढी रुंद की अंगठा सहज आत जाई. एकदा भरला की एकच बार, दुसऱ्याची सोय नाही. तळाशी बारूद, त्यावर कापसाचा बोळा, त्यावर मूठभर सरकी, आणि वर पुन्हा ठोकून बसवलेला बोळा. बार निघाला की सरकी सगळ्या मैदानावर पडायची. ज्याच्या बैलाच्या पाठीवर बी पडलं त्याची कपाशी त्या साली चांगली पिकते, असा समज होता. पिकायची की नाही देव जाणे, पण बी वेचायला म्हातारेसुद्धा वाकायचे.

त्या तमंच्याचा एकच अवगुण होता. तो पुढे जेवढा उडवायचा तेवढंच मागे मारायचा. यशवंतरावांच्या वडिलांच्या हातून तो दोनदा निसटून बैलांच्या पायांत पडला होता. यशवंतरावांचा हात मात्र ताठच राहायचा. शेजारचे नत्थूजी, झडत्या म्हणण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, दरवर्षी त्यांचा दंड दाबून म्हणायचे, "हात नाही जी हा, सागाचा वासा हाय!" आणि यशवंतराव मिशीतल्या मिशीत हसायचे. मालगुजारी गेल्यावर एवढंच एक वाक्य त्यांना उरलं होतं.

हे वाक्य खोटं होतं, आणि ते फक्त त्यांच्या बायकोला, वच्छलाबाईंना माहीत होतं.

चार सालांपूर्वी यशवंतराव बैलांच्या दमणीतून पडले आणि उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं ते बसवलं, पण जरा तिरपंच बसवलं. त्या वर्षी पोळ्याचा बार काढून ते घरी आले ते डोळे पुसतच. "धूळ गेली," म्हणाले. वच्छलाबाईंनी रात्रभर त्या मनगटाला हळदीचा लेप दिला. दोघंही धुळीबद्दलच बोलत राहिले.

आता त्या घरची रीत अशी, की तमंचा भरायचा तो घरच्या बाईनं. पुरणाचं माप जिच्या हाती, बारुदाचंही तिच्याच हाती. सासूनं त्यांना दोन्ही एकाच साली शिकवलं होतं. पुढच्या पोळ्याला वच्छलाबाईंनी बारूद निम्मंच घातलं, सरकी चिमूटभरच टाकली आणि बोळे तेवढे जास्त ठोकून बसवले. आवाज बऱ्यापैकी झाला. हात हलला नाही. नत्थूजींनी दंड दाबला. यशवंतराव घरी आले ते गुणगुणतच. असे तीन पोळे गेले.

आणि चौथ्या पोळ्याला तीच माया अंगाशी आली.

त्या साली सगळीकडे एकच बोलणं चाललं होतं. दिवाळीच्या सुमारास नवी राज्यं होणार, नागपूर मुंबईकडे जाणार आणि सौंसर-पांढुर्णा भोपाळकडे. बोरखेडीत निम्म्या सुना नागपूरकडच्या, निम्मे जावई तिकडे दिलेले. यशवंतरावांनी ते फारच मनाला लावून घेतलं होतं.

पोळ्याच्या सकाळी वच्छलाबाई पुरण घाटत होत्या. ओसरीवर ठोकल्याचा आवाज आला म्हणून त्या बाहेर आल्या, तर यशवंतराव मांडी घालून बसलेले, तमंचा मांडीवर, आणि शेवटचा बोळा ठोकून बसवणं चाललेलं. बारुदाचा डबा जवळजवळ रिकामा. सरकीची टोपलीही बरीच खाली गेलेली.

"हे काय करून राहिले तुमी?"

"यंदा मीच भरला. दुप्पट भरला," यशवंतराव लहान पोरासारखे खुशीत होते. "नागपूर चाललं तिकडं, आपण राहून राहिलो इकडं. हा बार नागपूरले ऐकू गेला पायजे. आता तर तमंचा मांजरावानी झाला हाय, हाताले समजतबी नाही."

वच्छलाबाईंच्या हातातला पळा तसाच राहिला. दुप्पट म्हणजे त्या भरायच्या त्याच्या चौपट! त्या तिरप्या मनगटावर! आणि मनगटानं दगा दिला तर नळी सरळ कपाळावर येणार. ती कशी येते हे वच्छलाबाईंना चांगलं माहीत होतं. यशवंतराव कचेरीच्या कामानं नागपूरला गेले असताना संत्र्यांच्या बागेत रानडुकरं शिरली होती. तेव्हा त्यांनी स्वतः हा तमंचा उडवला होता, हात ताठ धरून, नवरा धरतो म्हणून ऐकलं होतं तसा. नळीनं भुवई फोडली. गावात त्यांनी बैलाचं शिंग लागलं म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा उडवताना त्यांना हुंदडणाऱ्या वासराची आठवण झाली. दोर आवळून धरला की वासरू फरफटत नेतं, थोडा ढिला सोडला की आपण उभे राहतो. त्यांनी दोन्ही हातांनी धरला, कोपरं वाकवली आणि हातांना वर जाऊ दिलं. धक्का वर गेला तो वरच्या वर विरला. पण हे नवऱ्याला कसं सांगायचं? ज्याचं नावच मुळी हात न हलण्यावर, त्याला हात हलू द्या म्हणायचं?

भरलेला बार परत उपसता येत नाही, तो उडवावाच लागतो. नळीत लोटाभर पाणी ओतावं असंही एकदा त्यांच्या मनात आलं. पण बार फुसका निघाला तर गाव वर्षभर तेच चघळणार आणि हे अंथरूण धरणार. म्हणून त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी खरं ते सांगून टाकलं. निम्मं बारूद, चिमूटभर सरकी, तीन पोळे.

यशवंतरावांनी तमंचा मांडीवरून खाली ठेवला.

"म्हंजे तीन वर्सं तू मले निम्म्या बारुदावर नाचवलं?"

"तुमचं मनगट..."

"माहा हात गेला असं गावात कोनी म्हनलं नाही. माह्या घरातच म्हनलं गेलं," ते उठले. "मी इतका गेलो हावो का तुह्या लेखी?"

"तसं नाही जी. आज नका उडवू. उद्या पांढुर्ण्यात गोटमार हाय, दगडं चालतीन, रक्त काय पाहायचं ते लोक तिकडं पाहतीन."

पण ते पुरणपोळी न खाताच तमंचा घेऊन निघून गेले. पोळ्याच्या दिवशी घरचा कर्ता उपाशी बाहेर पडला. वच्छलाबाईंना रडू आलं आणि रागही आला. पुरुषाचा मान म्हणजे अशी एक जिन्नस आहे की बायकोनं उचलून धरलेली चालते, फक्त उचललेली दिसता कामा नये.

बायकांनी तोरणाकडे जायचं नसतं. त्यांनी घरी ओवाळणीचं ताट घेऊन बैलांची वाट बघायची. वच्छलाबाईंनी ताट तयार केलं, निरांजन लावलं, आणि मैदानातून नत्थूजींची झडती कानावर आली. ही संपली की बार. त्यांनी ताट तिथंच ठेवलं, डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि त्या चालू लागल्या. पावसानं वाटेत चिखल केला होता. मैदानात मखरं बांधलेल्या बैलांच्या रांगा होत्या, त्यांच्या मधूनच त्या घुसल्या.

यशवंतराव तोरणाखाली उभे होते. उजवा हात वर, ताठ. त्यांच्या ओठांवरचा रंग उडालेला वच्छलाबाईंना लांबूनही दिसला. यशवंतरावांना भीती वाटत होती! सकाळपासून हे भिऊन राहिले, आणि सांगायला कुणी नाही.

"वैनी, तुमी इथं काहून?" नत्थूजी म्हणाले. झडत्या थांबल्या. सगळं गाव बघायला लागलं. असली गोष्ट बोरखेडीनं कधी पाहिली नव्हती.

वच्छलाबाई नवऱ्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही तळवे त्यांच्या पाठीला लावले.

"दोन हातानं धरा," त्या हळूच म्हणाल्या. "कोपर वाकवा. अन् जाऊ द्या त्याले वर. अडवू नका."

यशवंतरावांनी त्यांना हाकललं असतं तर गावानं मान डोलावली असती. नत्थूजींनी घसा खाकरला. कुणाचा तरी बैल घंटा वाजवत राहिला. मग यशवंतरावांचा डावा हात वर आला, उजव्याखाली लागला, आणि ज्या कोपराची गावानं तीस वर्षं वाखाणणी केली ते कोपर वाकलं.

बार निघाला. नागपूरला गेला की नाही कोण जाणे, पण बोरखेडीतली एकूणएक कावळा उडाला. दोन्ही हात डोक्याच्याही वर गेले, तमंचा मागे कुठेतरी पडला आणि नवरा-बायको दोघंही चिखलात बसली. बैलांनी कुणाची वाट पाहिली नाही. तोरण तुटलं, पोळा फुटला, सरकीचा सडा सगळ्यांच्या डोक्यांवर पडला आणि गाव पोट धरधरून हसायला लागलं. सगळ्यांत मोठ्यानं नत्थूजी.

वच्छलाबाईंनी डोळे मिटून घेतले. यांचं नाव गेलं, आणि ते आपल्यामुळं गेलं, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

"श्रीधरच्या माय," जवळून आवाज आला. फेटा सुटलेला, मिशीत चिखल. गावादेखत त्यांनी बायकोला कधी हाक मारली नव्हती, मुलाच्या नावानंही नाही. "लागलं का तुले?"

"नाही जी. तुमाले?"

"नाही," ते म्हणाले. मग हसणाऱ्या गावाकडे न बघता म्हणाले, "धूळ गेली म्हनलो, त्या वर्सी लागलं होतं. लय लागलं होतं."

त्यांनी उठवायला हात पुढे केला, तो उजवाच. वच्छलाबाईंनी मनगट सोडून कोपराला धरलं आणि दोघं उठली.