हाताची घडी घाला आणि उठा

मी एक जुना स्टूल आहे, मित्रांनो. मला ना पाठ, ना हात. चार पाय आणि वर एक गोल फळी, संपलं माझं वर्णन. पण मला ऐरागैरा समजू नका हं. मी डॉक्टरांचा तपासणीचा स्टूल आहे.

सुताराने मला बसणाऱ्याचे गुडघे काटकोनात येतील असं मापून घडवलं. आमच्या मोठ्या डॉक्टरबाई नसा-स्नायूंच्या डॉक्टर. त्या रोग्याला आधी चालायला लावायच्या, डोळे मिटून हात पुढे धरायला सांगायच्या, गुडघ्यावर छोटी हातोडी मारायच्या. शेवटी त्याला माझ्यावर बसवून म्हणायच्या, "हाताची घडी घाला आणि उठा." भल्याभल्यांची परीक्षा घेतलीय मी!

पुढे गुबगुबीत, हातांच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी खिडकीपाशी झाली. डोक्यावर कुंडी आली. तिचं पाणी झिरपून माझा रंग उडाला, तरी कुणाला सोयरसुतक नव्हतं.

एके दिवशी एक रंगारी बायकोबरोबर आला. शिडी चढताना त्याच्या मांड्या साथ देत नव्हत्या. मुकादम त्याला अंगचोर म्हणायचा, आणि हल्ली बायकोलाही तसंच वाटू लागलं होतं. डॉक्टरांनी काही झालं नाही म्हटलं, तर मुकादम त्याला कामावरून काढणार होता.

बाईंच्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं, खोटं कशाला बोलू? हातपाय सैल आहेत की ताठ ते पाहिलं. हातोडी मारली, पाय टुणकन उडाला. पाय दाबून धरला, तर रंगाऱ्याने डॉक्टरांनाच मागे लोटलं. खुर्चीतून तो झटकन उठलाही. सगळं उत्तम आहे, असं डॉक्टरांनी हसत सांगितलं. रंगाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. बायको त्याच्याकडे बघेना.

माझा जीव नुसता तळमळत होता. अहो, मांडी म्हणजे अंगातला पैलवान! थोडी ताकद गेली तरी डॉक्टरांच्या हाताला ती भारीच पडते. पण मला कोण विचारतो?

मोठ्या बाई मात्र दारात उभ्या होत्या. रंगारी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी स्वतः कुंडी खाली ठेवली, मला ओढत आणलं आणि रंगाऱ्याला बसवलं.

"हाताची घडी घाला आणि उठा."

त्याने जोर लावला, पुढे वाकला, जरासा उचलला गेला आणि धपकन माझ्यावर बसला. पुन्हा तेच. त्याचा हात नकळत गुडघ्याकडे गेला, पण बाईंनी मानेनेच नको म्हटलं.

"हा आळस नाही," त्या त्याच्या बायकोला म्हणाल्या. "मांड्यांचे स्नायू अशक्त झालेत. रक्त तपासू, बहुतेक औषधाने ठीक होतील."

आजार सापडला म्हणून हसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. बायकोच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं हो माझं," ती म्हणाली. धाकट्या डॉक्टरांनी मला त्याच दिवशी आपल्या खोलीत नेलं.

काही महिन्यांनी, म्हणजे आज सकाळी, रंगारी परत आला. माझ्यावर बसला, हाताची घडी घातली आणि ताडकन उभा राहिला! मग पिशवीतून डबा काढून त्याने मला निळाशार रंग दिला. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

तेव्हा मित्रांनो, घरातलं कुणी कशाला तरी धरून उठायला लागलं, तर त्याला आळशी म्हणू नका. आधी त्याला हाताची घडी घालून उठता येतं का ते बघा. नाहीच आलं, तर खुशाल माझ्याकडे घेऊन या.

पण उद्या हं. आज रंग ओला आहे. विश्वास नसेल तर धाकट्या डॉक्टरांची पँट मागच्या बाजूने बघा.