बुजवलेली खिडकी

ऑब्रे कॅचपोल थकला होता. आजारी बायकोला, मुरिएलला, उठवून-बसवून थकला होता, आणि घराच्या डागडुजीने तर त्याहून जास्त. इंग्लंडात, सफोकमधलं हे विटांचं घर सांभाळण्यात त्याची चाळीस वर्षं गेली. मागची बाजू सगळ्यांत जुनी, बुटकी आणि वाकडी. पुढची भिंत नंतरच्या कुणा श्रीमंताने हौसेने चढवलेली. दारापुढची देवडी आणखी तिसऱ्याची. ऑब्रेने मात्र घर आहे तसंच राहावं म्हणून खटपट करून ते सरकारच्या संरक्षित यादीत घातलं, जिथे परवानगीशिवाय एक वीटही हलवता येत नाही, आणि आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

आता मुरिएलला जिना चढवत नव्हता. तिची खाट खाली, पुढच्या भिंतीलगतच्या खोलीत आणली होती. तिथे दिवसाढवळ्याही दिवा लावावा लागे. बाहेरून पाहिलं तर खिडकीची चौकट होती, पण काचेच्या जागी विटा. पूर्वी खिडक्यांवर कर होता, तो चुकवायला कुणीतरी ती बुजवली, असं ऑब्रे दर उन्हाळ्यात घर बघायला येणाऱ्यांना रंगवून सांगायचा. नवी खिडकी पाडायला परवानगी मिळणं शक्यच नव्हतं, पण जुनी उघडायला मिळाली असती. त्याची सगळी भिस्त त्यावर होती.

"मला फक्त झाडं बघायचीत रे," मुरिएल म्हणायची.

शेवटी जुन्या इमारतींच्या खात्यातली हेझल प्रायर तपासणीला आली. तिने आतला गिलावा थोडा खरवडून घेतला आणि बराच वेळ विटांवरून बोट फिरवत राहिली.

"मिस्टर कॅचपोल, तुम्हीच बघा. नंतर बुजवली असती तर कडेला सरळ उभी फट असती. या विटा भिंतीच्या विटांत गुंफलेल्या आहेत."

ऑब्रेने पाहिलं. इथे खिडकी कधी नव्हतीच. दाराच्या दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून बांधणाऱ्याने बाहेरून नुसता खिडकीचा आकार काढून ठेवला होता.

"म्हणजे परवानगी..."

"नाही देता येणार. मला खरंच वाईट वाटतंय."

तिला दारापर्यंत सोडून तो चहा घेऊन आला, तर मुरिएल हसत होती.

"ऐकलं मी सगळं. चाळीस वर्षं थापा मारल्यास की रे लोकांना! आणि मी मागे उभी राहून केक वाटत होते."

"मला तसंच वाटायचं गं."

"माहितेय." तिला धाप लागली. "आपल्या रोझलिंडशी बोललेय मी. शनिवारी न्यायला येतेय. पोरीच्या फ्लॅटला म्हणे भिंती कमी नि खिडक्याच जास्त."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू आणखी एक अर्ज केला असतास."

ऑब्रेला राग आला, आणि रागापेक्षा रडू जास्त आलं.

"इथे जो आला त्याने घर आपल्या सोयीने बदललं," ती हळू म्हणाली. "आपण दोघंच असे, घराच्या सोयीने जगलो. माझ्याने आता नाही होत. तू येतोस ना?"

"पण घराकडे कोण बघणार?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

मुरिएलने न प्यायलेला चहा त्याच्या हातात परत दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. आपण काय बोललो हे त्याला कळलं, पण शब्द मागे घ्यायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. शनिवारी रोझलिंडच्या गाडीत एकटीचीच बॅग चढली.