चाकाखालची लिंबं

आमचा विश्वेश्वर अण्णा खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, हे चामराजपेटेत आमच्या गल्लीला ठाऊक होतं. लहानपणी शेजारच्या अंबुबाईंचे पेरू गेले की त्या अण्णाला काही विचारत नसत, नुसत्या त्याच्या कानांकडे बघत. मीसुद्धा तेच करत आले. म्हणूनच त्याच्याबरोबर वर्षभर रविवारचे रविवार मोडक्या सामानाचे बाजार धुंडाळले, तेव्हा मला कसली शंका आली नाही. त्याचे कान एकदाही लाल झाले नाहीत.

गाडी आमच्या बाबांची, लढाईच्या आधीची हिरवी ऑस्टिन. बाबा गेले आणि ती शेडमध्ये बसली ती बसलीच. एका मेकॅनिकने तिचा कार्बोरेटर साफ करायला म्हणून नेला आणि तो मेकॅनिकच गाव सोडून गेला. डायनॅमो जळाला होता, एक हेडलाइट फुटला होता आणि मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. अहल्यावहिनी तिच्या टपावर सांडगे वाळत घालायची. मला ते बघवत नसे.

बाबांच्या दोन गोष्टी मी धरून ठेवल्या होत्या. एक म्हणजे खंडेनवमीची रीत. बेंगळुरात त्या दिवशी आयुधपूजेला गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडी त्यांच्यावरून पुढे नेतात. बाबा म्हणायचे, ज्याची गाडी त्यानेच लिंबं चिरडायची, ड्रायव्हरला सांगायचं नाही. दुसरी गोष्ट हुंड्याची. त्यांनी स्वतः घेतला नव्हता आणि माझ्या लग्नात द्यायचा नाही, हे जाण्याआधी अण्णाकडून वदवून घेतलं होतं.

उमाकांत मला बघायला आला तेव्हा ते मीच तोंडाने सांगितलं. शाळेत गणित शिकवते, बोलायला घाबरत नाही. म्हटलं, "माझी एकच अट आहे. रोख नाही, सोनं नाही, वस्तू नाही. ज्यांना चालत नसेल त्यांनी उप्पिट खाऊन खुशाल जावं." वहिनीने मला चिमटा काढला. पण उमाकांतचे काका विश्वासराव पोट हलवत हसले. "शिव शिव! आता तर कायदाही आलाय. आम्हाला मुलगी आणि नारळ, बस." उमाकांतनेही मान डोलावली. कारखान्यात इंजिनिअर, अबोल, हसला की बरा दिसायचा. मला आवडला, खोटं कशाला बोलू? तो वर्षभर ट्रेनिंगला परदेशी जाणार होता, आल्यावर लग्न करायचं ठरलं. मग अण्णा आणि विश्वासराव दोघेच अंगणात बोलत उभे राहिले. मी आत बशा विसळत होते.

पुढच्याच रविवारी अण्णा म्हणाला, "नीरू, बाबांची गाडी उभी करूया का?"

मला रडूच आलं. बाबांनंतर त्या घरात मला कुणी काही विचारलं होतं, ते हे पहिलंच.

तेव्हा परदेशातून सुटे भाग येणं जवळजवळ बंद होतं. जे. सी. रोडवरचे दुकानदार गाडीचं नाव ऐकूनच हसायचे. "अम्मा, ही गाडी कंपनीनं विसरून वर्षं झाली." मी म्हणायची, "कंपनी विसरली असेल, आम्ही नाही." मग आम्ही शिवाजीनगरच्या गुजरीत, जुन्या सामानाच्या बाजारात जायचो. तिथे गोणपाटावर गंजकं सामान पसरून लोक बसलेले असायचे. मी उकिडवी बसून घासाघीस करायची आणि अण्णा मागे पिशवी धरून उभा राहायचा. हेडलाइट तिथेच मिळाला. काच अगदी शाबूत होती. अण्णा भर रस्त्यात दोन्ही हात वर करून नाचला, बँकेतला कारकून माणूस, टाय लावलेला. मी हसून हसून खाली बसले.

घरी आलो की मी बॉनेटमध्ये आणि तो शेजारी स्टुलावर. लहानपणी मडगार्डवर बसून बाबांचं काम बघितलेलं, त्यामुळे हात माझे चालायचे. अण्णाला आधी पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नव्हता. हळूहळू मी नुसता हात मागे करायचा अवकाश, हवा तो पाना माझ्या तळहातावर यायचा. काम करता करता बाबांबद्दल बोलायचो. वहिनी कॉफी आणून ठेवायची आणि "दोघं काळ्या म्हशी झालात" म्हणायची. त्या वर्षाइतकी सुखात मी आधी कधी नव्हते.

डायनॅमोची तार पुन्हा गुंडाळून घेतली, सीट नवी भरली. अडलं ते कार्बोरेटरपाशी. तो काही केल्या मिळेना. शेवटी आमच्या शाळेतली शिपाईण यल्लव्वा म्हणाली, "टीचर, आमच्या देवनहळ्ळीत कृष्णाबाईंच्या गोठ्यात अशीच गाडी हाय. कोंबड्या अंडी घालतात तिच्यात."

तेवढी एक खेप अण्णाला सुट्टी नव्हती म्हणून मी एकटीच बसने गेले. कृष्णाबाई पन्नाशीच्या आतबाहेर, विधवा, एकट्या राहायच्या, शेत आणि दोन म्हशी सांभाळायच्या. बेंगळूरचे कितीतरी दलाल त्यांनी दारातून परत लावले होते. गाडीचं दार उघडून त्यांनी आधी कोंबडी हाकलली, मग म्हणाल्या, "ही माझ्या वडिलांनी माझ्या लग्नात दिली. तीत बसून सासरी आले. नंतर एकदाही बसले नाही. माणसं बसली, सासरची."

"का?"

"कुणी बस म्हटलं नाही, बाई."

कार्बोरेटरचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. माझ्याकडून दोन वचनं मात्र घेतली. "गाडी चालू झाली की मला एकदा पुढच्या सीटवर बसव. आणि तुझी गाडी तुझ्याच घरी राहू दे. विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. दुसऱ्याला द्यायची असेल तर माझा भाग मला आणून दे." मी त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं. त्यात अवघड असं मला काही दिसलं नाही. घरी येऊन हे सगळं अण्णाला सांगितलं. तो कार्बोरेटर हातात उलटसुलट करत म्हणाला, "छान झालं." मी सवयीने कान बघितले. नेहमीसारखेच होते.

गाडी चालू झाली ती नवरात्राच्या तोंडावर. अण्णा म्हणाला, "या खंडेनवमीला मोठी पूजा करू." उमाकांत परदेशातून परतला होता, त्याला आणि विश्वासरावांना जेवायला बोलावलं. सकाळी मी गाडी पुसली, बॉनेटवर गंध-कुंकू लावलं, पुढे केळीचे खुंट बांधले, शेवंतीचा हार घातला आणि चारी चाकांखाली लिंबं ठेवली. यंदा स्टिअरिंग माझ्या हातात देणार, असं अण्णा उन्हाळ्यात एकदा बोलला होता. मी पदराला हात पुसून गाडीच्या दाराशी उभी राहिले.

अण्णा आतून तबक घेऊन आला. तबकात विडा, नारळ आणि किल्ली. माझ्यासमोरून तो पुढे गेला आणि तबक उमाकांतपुढे धरलं.

"घ्या उमाकांतराव. लिंबं तुम्हीच चिरडायची."

मला वाटलं, पाहुण्याचा मान. अण्णाला असल्या गोष्टींची हौस आहे. उमाकांतने किल्ली उचलली. तोवर विश्वासराव गाडीभोवती चक्कर मारून आले.

"झकास! फक्त रंग तेवढा बदलून घ्या हो. उमाकांतच्या आईला हिरवा चालत नाही. काळा बरा. लग्नाआधी झालं तर वरात हिच्यातूनच काढू."

"सरी, सरी, करून टाकू," अण्णा म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. "अण्णा, गाडी कुणाची?"

"स्वल्प, जरा आत ये नीरू. सांगतो."

"इथेच सांग."

"हळू बोल गं, सणाचा दिवस आहे," वहिनी पुटपुटली. म्हणजे तिलाही माहीत होतं.

सांगितलं ते विश्वासरावांनी, अगदी हसतमुखाने. "अगं, नवी गाडी नोंदवली तर मिळेपर्यंत केस पिकतात. म्हणून पहिल्याच दिवशी मी तुझ्या भावाला म्हटलं, शेडमध्ये आहे तीच नीट करून द्या. हुंडा कसला? भेट आहे. आणि तुला गाडीचं एवढं वेड! भाऊ म्हणाला, तीच सगळं हौसेनं करील."

पहिल्याच दिवशी. अंगणात. मी बशा विसळत होते तेव्हा. मी अण्णाकडे बघितलं. तो लिंबांकडे बघत होता. गुजरीतलं ते उकिडवं बसणं, नाकाला लागलेलं ग्रीस, तो भर रस्त्यातला नाच, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. माझा हुंडा माझ्याच हातांनी जोडून घेतला होता यांनी. केसाने गळा कापला, आणि कापणारा कोण, तर मला पाने देणारा.

"नीरजा," उमाकांत समजुतीने म्हणाला, "तुझीच गाडी तुझ्याबरोबर येतेय. यात वाईट काय आहे?"

खरं सांगते, ऐकायला किती सरळ वाटत होतं ते! मग माझं लक्ष त्याच्या मुठीकडे गेलं.

"माझी असेल तर किल्ली तुमच्या हातात कशी?"

त्याने मूठ उघडली, जणू तीत काय आहे हे त्यालाही बघायचं होतं. मी किल्ली उचलली आणि गाडीत बसले. इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं. चारी लिंबं फुटल्याचा आवाज आला. केळीचे खुंट फाटकाला घासले. वहिनी "अहो, अहो" करत राहिली आणि मी रस्त्याला लागले. पेट्रोलची टाकी अण्णाने आदल्या दिवशी भरून ठेवली होती. अर्थात त्यांच्यासाठी.

शहराबाहेरचं हेब्बाळ मागे पडेपर्यंत मी रडले. कसली म्हणून लाज वाटली नाही. त्या दिवशी रस्त्यावरची प्रत्येक गाडी फुलांनी मढलेली होती, त्यामुळे माझ्याकडे कुणी वळूनही बघत नव्हतं. एका लॉरीवाल्याने तर हॉर्न वाजवून नमस्कार केला.

कृष्णाबाई अंगणात कोंड्याचं घमेलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी गाडी बघितली, मग माझा चेहरा. घमेलं खाली ठेवून म्हणाल्या, "थांब, लुगडं बदलते." चांगलं जरीकाठी नेसून आल्या आणि पुढच्या सीटवर ताठ बसल्या. आम्ही देवनहळ्ळीच्या किल्ल्याला वळसा घातला, तळ्यापर्यंत गेलो, परत आलो. वाटेत मी सगळी हकीकत सांगितली. घराशी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या वेळी मला कळलंसुद्धा नव्हतं गं, की चिडायचं असतं."

दारात टॅक्सी उभी होती. मी कुठे जाईन ते अण्णाला बरोबर समजलं होतं. एकटाच आला होता, घामाघूम.

"नीरू, घरी चल. ते लोक थांबलेत. मी विश्वासरावांची समजूत घातली आहे."

"माझी कधी घालणार होतास?"

"अगं, चांगलं स्थळ होतं. तू अट घालून बसलीस. एका जुन्या गाडीपायी हातचं जाऊ देऊ? बाबा असते तरी..."

"बाबांना मध्ये आणू नकोस," मी ओरडले. कोंबड्या फडफडल्या. मग मी विचारलं, "हेडलाइट मिळाला तेव्हा नाचलास ना, ते कुणासाठी?"

"तुझ्यासाठीच," अण्णा म्हणाला.

मी त्याचे कान बघितले. लाल नव्हते. तो खरं बोलत होता. वर्षभर तो खरंच बोलत होता, माझं भलं चाललंय असंच त्याला वाटत होतं, आणि म्हणून मला काही कळलं नाही. खोटं बोलला असता तर मी त्याला तेव्हाच पकडलं असतं. आता माझ्याकडे पकडण्यासारखंही काही नव्हतं.

मी बॉनेट उघडलं. इंजिन जरा निवू दिलं. हत्यारांची पिशवी सीटखाली होती, ती काढून मडगार्डवर ठेवली. पेट्रोलची नळी सोडवली, वाकून आत बघितलं आणि सवयीने हात मागे केला.

तळहातावर पाना आला. हवा तोच.

मी नट फिरवले. दुसरा निघाला तेव्हा कुठे अण्णाच्या लक्षात आलं, आपण काय सोडवायला पाना दिलाय ते. "नीरू, नको," तो म्हणाला. मी कार्बोरेटर बाहेर काढला, पदराने पुसला आणि कृष्णाबाईंच्या हातात ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"गाडी तुमच्या गोठ्यात राहू दे," मी म्हटलं. "मी येईन अधूनमधून."

तोवर टॅक्सीवाला निघून गेला होता. आम्ही बस धरली. अण्णा माझ्या शेजारी येऊन बसला, बोटांचं काळं रुमालाला पुसत. मी उठले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.