घसा खाकरेपर्यंत

डिड्रिख फाल्क यांच्या घरात देवाशी मोठ्याने बोलण्याची पद्धत नव्हती. जेवणाआधी सगळ्यांनी हात मांडीवर घ्यायचे, माना खाली घालायच्या आणि ज्याने त्याने मनातल्या मनात काय ते बोलून घ्यायचं. प्रार्थना संपल्याची खूण एकच. टेबलाच्या टोकाला बसलेले डिड्रिख, म्हणजे मुलांचे पपा, घसा खाकरत. ती खाकर ऐकू येईपर्यंत चमच्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, मग समोर धुरावलेलं सॉसेज असो की नुसते उकडलेले बटाटे.

युस्टिना आणि तिचा धाकटा भाऊ ईसब्रांड लहान असताना पोटात कावळे ओरडत असायचे आणि दोघं मिटल्या डोळ्यांनी टेबलाखालून एकमेकांना लाथा घालत असायचे. पपा देवाला एवढं काय सांगतात, असं ईसब्रांडने एकदा लीना आत्याला विचारलं होतं.

"दुसऱ्याच्या प्रार्थनेत डोकवायचं नसतं," आत्या म्हणाली. "न्हाणीघरात डोकावतोस का कुणाच्या?"

विषय तिथेच मिटला. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या त्या सपाट मुलखात, जुन्या वळणाच्या मेनोनाइट ख्रिस्ती लोकांच्या गावात बरेच विषय असेच मिटत.

आता दोघंही पन्नाशीला टेकली होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पपांच्या सोबतीला त्यांची बहीण, लीना आत्या, राहत होती. ईसब्रांड जवळच्या शहरात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा. युस्टिना विनिपेगला शाळेत भाषा शिकवायची आणि चर्चला फक्त लग्नाला नि मयताला जायची. घरी आली की ती सगळ्यांबरोबर मान खाली घाली खरी, पण मनात पुढच्या आठवड्याचे तास चाललेले असत.

बर्फ वितळायला लागलं, त्याच सुमाराला पपांच्या पोटात गाठ निघाली. विनिपेगच्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं, की ऑपरेशन केलं तर काही काळ हाती लागेल, नाही केलं तर फारसा नाही. पण वय झालेलं आहे, तेव्हा टेबलावरच काही होणार नाही असं छातीठोक सांगता येत नाही. निर्णय तुम्ही घ्यायचा.

"विचारून सांगतो," पपा म्हणाले.

डॉक्टरांना वाटलं, घरच्यांना विचारणार. पुढच्या सोमवारी सकाळी दवाखान्यातून फोन येईल, तेव्हा हो की नाही ते सांगा, असं ठरलं.

युस्टिना रजा काढून आली. पपांनी हो म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. पण त्यांनी कुणाला विचारायचं ठरवलंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या दोघांच्या मध्ये तोंड घालायची रीत नव्हती. मग तिने वाट पाहायचं ठरवलं. नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, दर वेळी माना खाली जात, भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक टकटक करत राही. पपा घसा खाकरत. युस्टिना झटकन त्यांच्या चेहऱ्याकडे बघे.

"बटाटे इकडे दे," पपा म्हणत.

ईसब्रांडची तऱ्हा वेगळी. त्याने लग्नानंतर शहरातलं चर्च धरलं होतं. तिथे हात वर करून, डोळ्यांत पाणी आणून, मोठमोठ्याने प्रार्थना चालत. तिथल्या चार मंडळींना आणून पपांवर हात ठेवून प्रार्थना करावी, असं त्याच्या फार मनात होतं.

"सगळ्यांनी हात लावून बघायला मी काय बाजारात उभी केलेली गाय आहे?" पपांनी विचारलं.

"पपा, श्रद्धेने मागितलं तर मिळतं."

"मागावं की. ओरडावं कशाला?"

रविवार उजाडला. सोमवारच्या फोनआधीचं हे शेवटचं दुपारचं जेवण. ईसब्रांड एकटाच आला. त्याच्या मुलांना गोवर आला होता आणि बायको त्यांच्यापाशी थांबली होती. लीना आत्याने कोबी-बटाटे घालून बोर्श्ट केलं होतं. एकावर एक बसवलेले दुमजली पाव टोपलीत मांडले होते. पपा रविवारचा पांढरा शर्ट घालून बसले होते. शर्टाच्या गळ्यात आता त्यांच्यासारखे दोघं मावले असते. आत्याने सूप वाढलं. माना खाली गेल्या.

लंबक टकटकत राहिला. युस्टिना वाट पाहत होती. बोर्श्टवरची वाफ आधी दाट होती, मग विरळ झाली, मग नाहीशीच झाली. खाकर काही येईना.

"आज लांबलं," ईसब्रांड मान न उचलता पुटपुटला.

"डोळे मीट, ईस," आत्या कुजबुजली.

"मिटलेले आहेत."

"नाहीत. मला दिसतंय."

"म्हणजे तुझे उघडे आहेत."

युस्टिनाने हळूच नजर उचलली. पपांची हनुवटी छातीला टेकली होती. हात मांडीवर होते, पण बोटं सुटलेली. शर्टाच्या दुसऱ्या गुंडीवर तिने नजर रोवली. आयुष्यात कुठल्या पुस्तकाकडेही तिने इतक्या एकाग्रतेने पाहिलं नव्हतं. गुंडी किंचित वर गेली, थांबली, खाली आली.

"झोपलेत," ती कसंबसं म्हणाली.

"कशावरून? ध्यान लागलं असेल," आत्या म्हणाली.

तेवढ्यात पपा घोरले. ईसब्रांडचे खांदे हलायला लागले. त्याने हसू दाबण्यासाठी रुमाल तोंडात कोंबला.

"आत्या, हलव ना त्यांना."

"प्रार्थनेतल्या माणसाला? मी नाही बाई."

"अगं, ते घोरतायत!"

"सुरुवात तर प्रार्थनेनेच झाली होती ना? आमेन कुठे झालंय?"

"मग ईस, तू खाकर. तू मुलगा आहेस."

ईसब्रांडने तोंडातला रुमाल काढला. "मी? पपांच्या देखत त्यांच्या खुर्चीत जाऊन बसल्यासारखं होईल ते." आणि बोलून गेल्यावर त्याचा चेहरा उतरला. "ती खुर्ची मला नकोय," तो हळूच म्हणाला.

माना पुन्हा खाली गेल्या. कुणी काही केलं नसतं तर त्या संध्याकाळपर्यंत तशाच राहिल्या असत्या.

"मी खाकरते," युस्टिना म्हणाली.

"बाईमाणसाने?" आत्याने आता उघड उघड डोळे उघडले.

"बायबलात मना केलंय?"

"नसेल केलं. बायबल लिहिणाऱ्यांना ते सुचलंसुद्धा नसेल."

युस्टिनाने घसा खाकरला. तो आवाज इतका हुबेहूब पपांचा निघाला, की आत्याचा आणि ईसब्रांडचा हात आपसूक चमच्याकडे गेला. पपांचाही गेला. त्यांनी डोळे उघडले, एक चमचा बोर्श्ट तोंडात घातलं, गिळलं आणि मग चमचा वाडग्याच्या काठावर ठेवला.

"कोण खाकरलं?"

"मी, पपा."

"मी अजून पोचलो नव्हतो."

"कुठे?"

"युस्टिना!" आत्या दचकून ओरडली. न्हाणीघराचं दारच कुणी ढकललं होतं.

"असू दे, लीना." पपांनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. "आधी तुमची आई. तिच्याबद्दल आभार मानायचे असतात. मग तुम्ही दोघं. मग ईसची पोरं, ती हल्ली बरीच झालीत. मग लीनाचे गुडघे."

"माझे गुडघे?" आत्याने ॲप्रन खाली ओढला.

"मग शेजारचा पेन्नर. त्याच्याशी कुंपणावरून वाकडं आहे, म्हणून त्याला जरा वेळ लागतो. मग गावातले आजारी. मग सरकार."

"सरकार?" ईसब्रांड म्हणाला.

"थोडक्यात. त्यानंतर मी. पण तिथवर येईतो सूप निवायला लागतं. लीनाने राबून केलेलं असतं. मग मी खाकरतो."

युस्टिनाला एकेक उलगडत गेलं. "म्हणजे ऑपरेशनचं तुम्ही अजून—"

"नाही. नंबरच लागला नाही."

"इतके दिवस!" ईसब्रांडने कपाळावर हात मारला. "या दोघी इथे तिन्ही वेळा श्वास रोखून तुमच्या तोंडाकडे बघतायत, उत्तर काय आलं म्हणून! पपा, आमच्या चर्चमध्ये आम्ही सरळ मुद्द्यालाच हात घालतो."

"तुमच्या चर्चमध्ये देवाला कमी ऐकू येतं, असं ऐकलंय मी."

युस्टिना हसली नाही. "पपा, उद्या सकाळी फोन येणार आहे."

"रात्री विचारीन."

"रात्री पुन्हा पेन्नर मध्ये येईल. आत्ता विचारा. आधी स्वतःचं."

"जेवता जेवता? असं कधी केलेलं नाही या घरात."

"गाठसुद्धा कधी झाली नव्हती."

पपा तिच्याकडे पाहत राहिले. लहानपणी ती असं उलट बोलली की ते असेच बघायचे. मग त्यांनी वाडगा पुढे सरकवला आणि हात मांडीवर घेतले. आत्याने तोंडातला पावाचा घास न चावताच गालात ठेवला. माना खाली गेल्या.

या खेपेला युस्टिनाच्या मनात शाळेचे तास आले नाहीत. काहीतरी मागावं म्हणून तिने वाक्य जुळवायला घेतलं. मुलांच्या वह्यांतली किती वाक्यं तिने आजवर नीट करून दिली होती. स्वतःचं एक जुळेना. शेवटी 'नको' एवढा एकच शब्द हाती लागला. तो ती मनात म्हणत राहिली, कुणाला म्हणतेय याची चौकशी न करता.

पपा खाकरले नाहीत. त्यांनी नुसते डोळे उघडले.

"मला भीती वाटते," ते म्हणाले.

आत्याने घास गिळला. "असं देव म्हणाला?"

"देव कशाला म्हणेल? मी म्हणालो त्याला. तो काही बोलला नाही." पपांनी रिकाम्या हातांकडे पाहिलं. "एवढ्या वर्षांत त्याला हे सांगायचं राहूनच गेलं होतं. सांगितलं, आणि वाटलं, ज्याची जायची तयारी झाली त्याला एवढी भीती वाटत नसावी. माझी नाही झालेली."

घड्याळ टकटकत होतं.

"उद्या फोन आला की हो म्हणून सांग, पोरी. आणि विनिपेगला तूच ने मला. ईसच्या गाडीत नको. तो गाडी चालवतानासुद्धा डोळे मिटतो."

"एकदाच मिटले होते!" ईसब्रांड म्हणाला. पाठोपाठ त्याने विचारलं, "पपा, मग आता हात ठेवू?"

पपांनी विचार केला. "जेवण झाल्यावर. एकच हात. आणि मनातल्या मनात."

गार बोर्श्ट सगळ्यांनी निमूट संपवलं. मग ईसब्रांड उठून पपांच्या मागे उभा राहिला आणि त्यांच्या खांद्यावर त्याने एक हात ठेवला. ओठ घट्ट मिटलेले होते. आतलं त्याने किती निकराने धरून ठेवलंय, ते लाल झालेल्या कानांवरून कळत होतं. पपांनी मान खाली घातली होती. त्यांना अवघडल्यासारखं वाटत होतं, पण खांदा त्यांनी काढून घेतला नाही.

ऑपरेशन झालं. पपांना एक अख्खा उन्हाळा मिळाला, कलिंगडांच्या मोसमासकट. पुढचा हिवाळा मिळाला नाही.

त्या उन्हाळ्यात युस्टिना दर रविवारी गावी जात असे. दुपारची जेवणं आता उशिरा होत, कारण प्रार्थना चांगल्याच लांबल्या होत्या. पपा स्वतःला कितव्या नंबरला घेतात, पेन्नरच्या आधी की नंतर, हे कुणी विचारलं नाही. लीना आत्याने मात्र सूप आधी वाढायचं सोडून दिलं. रिकामे वाडगे मांडून ती बसायची, आणि सगळ्यांचं सगळं बोलून झालं की मगच चुलीवरून भांडं उतरवायची.