धक्क्यावर हरवलेला माणूस

१९०५ सालच्या दसऱ्यानंतरच्या गुरुवारी, दुपारी तीन वाजता, कोल्हापूर स्टेशनजवळच्या माळावर एका जागेसाठी परीक्षा झाली. सर्कस हंबीररावांची होती. मुंबईहून आगबोटीने मनिलाला जायचे होते आणि दौरा दोन वर्षांचा होता. सगळ्या जागा भरल्या होत्या, फक्त बाजारहाट करणारे माणूस ठरायचे राहिले होते.

उमेदवार दोन होते. एक गुंडू, भटारखान्यातला जुना माणूस. दुसरी धोंडुबाई, चाळीस जणांच्या भाकरी थापणारी. तिचा नवरा आकाराम सर्कशीत छातीवर दगड फोडून घ्यायचा. त्याची जागा पक्की होती. धोंडुबाईला जागा मिळाली नाही, तर तिला दोन वर्षे शाहूवाडीला सासरी काढावी लागणार होती.

मनिलात राज्य अमेरिकनांचे आले असले, तरी बाजार अजून स्पॅनिश बोलत होता. ती भाषा सर्कशीत एकट्या कुतुबुद्दीनला येत होती. तो तिथे सात वर्षे घोडे फिरवून आला होता. महिनाभर तो रोज सकाळी सगळ्यांना शिकवत होता.

"एकदा माणसाचं नाव घेतलं की पुन्यांदा घ्यायचं न्हाय," तो सांगायचा. "बाप्या असंल तर ‘लो’, बाई असंल तर ‘ला’. वस्तूचंबी तसंच. आन् हे आधी, कामाचा शब्द मागनं. ‘लो बुस्को’ म्हंजे त्याला शोधतोय."

"मग ‘लोला बुस्को’ म्हना की!" गुंडू म्हणायचा. "त्याऽला. ‘ला’ नगो व्हय?"

"अरं, ‘लो’मधीच त्याला आला! का त्याला दोनदा शोधतोस?"

गुंडूला हे पटत नसे. नाव असताना ते का घ्यायचे नाही, हेच त्याला कळत नव्हते. धोंडुबाई चुलीपाशी बसून ऐकायची. तिने शंका एकही विचारली नाही.

परीक्षा हंबीररावांनी ठरवली. मागच्या दौऱ्यात त्यांचा एक माणूस परक्या बंदरात तीन दिवस हरवला होता, ते त्यांच्या मनात होते.

"आकाराम मनिलाच्या धक्क्यावर हरवलाय," ते म्हणाले. "कुतुबुद्दीन तिथला पोलीस. त्याला मराठी येत न्हाय. जो आकारामला शोधून दावंल, तो बोटीवर."

आकारामला घोड्यांच्या तंबूमागे लपायला पाठवले. कुतुबुद्दीन पालथ्या पिंपावर चेहरा कोरा करून बसला. शेजारच्या टोपलीत हत्तीसाठी आणलेली रताळी होती.

गुंडू पुढे आला. "आकाराम!" तो ओरडला.

पोलिसाने खांदे उडवले.

"आकाराम किएरो! आकाराम पायजे! किएरो आकाराम!"

कुतुबुद्दीनने थोडा विचार केला आणि टोपलीतले एक रताळे त्याच्या हातात ठेवले. माळ हसला.

"ह्यो काय आकाराम हाय व्हय?" गुंडू चिडला.

"त्याला काय ठावं, आकाराम खायाचा असतो का नेसायचा?" हंबीरराव म्हणाले. "बाई, तू ये."

धोंडुबाईने पदर खोचला. "उन ओंब्रे," ती म्हणाली. एक पुरुष. हात डोक्याच्या वर वीतभर नेला. "आल्तो." उंच. मग ओठांवरून दोन बोटे गालांपर्यंत ओढली. "बिगोते." मिशा. शेवटी डावा कान मुरगळून चपटा करून दाखवला, कारण आकारामचा तो कान तालमीत मोडलेला होता. "लो बुस्को. लो आ बिस्तो?" त्याला शोधतेय, त्याला पाहिलंत का?

कुतुबुद्दीन उठून उभा राहिला. "कोमो से यामा?" त्याने नाव विचारले.

धोंडुबाई लाल झाली. लग्नाला अकरा वर्षे झाली होती आणि एवढ्या काळात तिने नवऱ्याचे नाव एकदाही घेतले नव्हते. घरी, शेतात, सर्कशीत तिचे ‘ह्यांना’वर भागत आले होते.

"अडलं बग गाडं!" गुंडू म्हणाला.

तिने पुन्हा हात वर नेला, मिशी ओढली, कान मुरगळला. "लो बुस्को," ती ठासून म्हणाली.

"सी, सी. लो ए बिस्तो," पोलीस म्हणाला. व्हय, त्याला बघितलंय. आणि त्याने सरळ घोड्यांच्या तंबूकडे बोट दाखवले.

"मालक, ह्यो अन्याव हाय," गुंडू म्हणाला. "हिनं नावच सांगितलं न्हाय."

"मनिलात आकारामचं नाव कोन वळखतंय?" कुतुबुद्दीन मराठीत आला. "कान वळखतील. अन् बाजारातबी हेच. तू म्हैनाभर भाज्यांची नावं पाठ करतोयस, त्यातली निम्मी तिथं पिकत न्हाईत. ही बोट दावंल, ‘लो’ म्हनंल आन् घिऊन यील."

हंबीररावांनी यादीत धोंडुबाईचे नाव लिहिले. नवऱ्याच्या नावाचा रकाना त्यांनी तिला न विचारताच भरला. गुंडूने रताळे चुलीत घातले आणि भाजल्यावर अर्धे तिला दिले.

या गडबडीत पाऊण तास गेला. मग कुणाच्या तरी लक्षात आले की आकाराम अजून हरवलेलाच आहे. धोंडुबाई तंबूमागे गेली. तो घोड्याच्या माश्या वारत उभा होता.

"अवं," ती म्हणाली, "चला की. घावलासा तुमी."